लुआऊ म्हणजे आपलं अळूच की!

मंडळी, 'हवाईयन नाइट' हा प्रकार आता दोह्याला नवा राहिलेला नाही. हॉटेलातली पार्टी असो नाहीतर शाळेतला मुलांचा कार्यक्रम, गळ्यात प्लास्टिकच्या फुलांच्या माळा, मागे कागदी माड आणि दिसेल त्या पदार्थावर अननसाची एक चकती. पिझ्झासुद्धा अननस घातला की लगेच 'हवाईयन' होतो. (हा पिझ्झा १९६२ साली कॅनडात एका ग्रीक स्थलांतरिताने केला. हवाईचा त्यात काडीचा हात नाही. मुलांना जरूर सांगा. आणि अननस तरी कुठे हवाईचा? तोही दक्षिण अमेरिकेतून तिथे आलेला पाहुणा.)

मग हवाई बेटांवरच्या खऱ्या मेजवानीत, जिला तिकडे 'लुआऊ' म्हणतात, तिच्यात असतं तरी काय? हे धुंडाळायला बसलो, तर पहिल्याच शब्दाशी थबकलो. लुआऊ या शब्दाचा मूळ अर्थ मेजवानी नाहीच. लुआऊ म्हणजे अळूचं कोवळं पान! जुन्या हवाईत मेजवानीला 'पाइना' किंवा 'अहाआइना' म्हणत. पण मेजवानी म्हटली की अळूची भाजी असायचीच, तेव्हा पानाचंच नाव जेवणावळीला पडलं. १८५६ सालच्या तिथल्या वर्तमानपत्रात हा शब्द या अर्थाने छापलेला सापडतो. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. 'काय, लाडू कधी देताय?' असं विचारलं की ते लग्नाविषयी असतं, बेसनाविषयी नसतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

आता अळू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं ते आम्हाला ठाऊक आहे. लग्नाची पंगत, केळीचं पान, मसालेभात, जिलबी, मठ्ठा आणि द्रोणात गरमागरम अळूचं फदफदं. त्यात हरभऱ्याची डाळ, दाणे, खोबऱ्याचे काप, चिंच-गूळ. वाढपी 'अळू, अळू, अळू' करत पळतो आहे आणि कोपऱ्यातले आजोबा 'इकडे जरा घट्ट येऊ द्या' म्हणून सांगताहेत. कोकणात न्हाणीचं पाणी जिथे वाहून जातं तिथे अळू आपोआप माजतं, त्याला कुणी लावलं म्हणून आठवत नाही. हवाईचे लोक मात्र त्याला राजासारखं सांभाळतात. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी पाटाने वळवून, भातखाचरांसारखी खाचरं बांधून ते त्यात अळू लावतात. त्या खाचराला 'लोई' म्हणतात आणि अळूला 'कालो'. पाणी साचू द्यायचं नाही, सतत वाहतं ठेवायचं, नाहीतर कंद कुजतो.

त्यांच्या पुराणकथेत तर अळू हा माणसाचा थोरला भाऊ आहे. आकाशपिता वाकेआ याचं पहिलं मूल मृत जन्मलं, ते जमिनीत पुरलं आणि तिथून अळूचं रोप उगवलं. त्यानंतरचं मूल म्हणजे पहिला माणूस. दोघांचं नाव एकच, हालोआ. थोरल्याने धाकट्याला जेवू घालायचं आणि धाकट्याने थोरल्याची मशागत करायची, असा तो करार. अळूच्या मूळ कंदाच्या बाजूला जी पिल्लं फुटतात त्यांना ते 'ओहा' म्हणतात आणि त्यावरूनच कुटुंबाला शब्द आला, 'ओहाना'. आपल्या अळकुड्यांना असा मान कधी मिळाल्याचं ऐकिवात नाही.

या कंदाचं ते 'पोई' करतात. कंद शिजवायचे, सोलायचे, लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटायचे आणि हळूहळू पाणी घालत जायचं. जांभळट-करड्या रंगाची लापशी तयार होते. ताजी असताना जवळजवळ बेचव, दोन-तीन दिवस ठेवली की आंबते आणि जाणकार ती तशीच पसंत करतात. आपल्या आंबिलीची आठवण व्हावी. पोईच्या दाटपणाचं माप चमच्याने नव्हे, बोटांनी होतं. एका बोटावर उचलता आली तर 'एकबोटी', पातळ असेल तर दोनबोटी, तीनबोटी. हाताने खाणाऱ्या माणसांना हे माप समजावून सांगावं लागत नाही. आणखी एक रीत आम्हाला फार आवडली: पोईचं भांडं उघडलं की त्याभोवती भांडायचं नाही, तावातावाने बोलायचं नाही, कारण थोरला भाऊ समोर बसलेला असतो. (मंडळाच्या सर्वसाधारण सभेत एक पोईचं भांडं ठेवावं काय, यावर समितीने विचार करावा.)

हे सगळं त्या बेटांवर आलं कुठून? हवाई म्हणजे पॅसिफिक महासागराच्या ऐन मध्यावरची ज्वालामुखीची बेटं. माणूस पोचला तेव्हा खाण्याजोगं फारसं काहीच तिथे उगवत नव्हतं. साधारण हजारएक वर्षांपूर्वी पॉलिनेशियन लोक दक्षिणेकडच्या बेटांवरून साडेतीन-चार हजार किलोमीटर समुद्र ओलांडून, जोडहोड्यांतून, तारे आणि लाटा वाचत तिथे आले. (असं होणं शक्य नाही असं म्हणणाऱ्यांसाठी १९७६ साली 'होकुलेआ' नावाची तशीच होडी, एकही उपकरण न वापरता, हवाईहून ताहितीला नेऊन दाखवण्यात आली.) होडीत माणसांबरोबर डुकरं, कुत्री, कोंबड्या आणि दोन-एक डझन जातींची रोपं होती. ती यादी वाचताना आम्हाला आपल्याच परसात फिरल्यासारखं वाटलं. अळू, नारळ, केळी, ऊस, रताळं, नीरफणस, आणि हळद! हळदीला ते 'ओलेना' म्हणतात. कापड रंगवायला, औषधाला आणि समुद्राच्या पाण्यात मिसळून शुद्धीसाठी शिंपडायला ती वापरतात.

नीरफणस म्हणजे आपल्या कोकण-गोव्यातला विलायती फणस, ज्याचे काप रव्यात घोळवून तळतात. याच फळाची रोपं ताहितीहून वेस्ट इंडिजला नेणाऱ्या 'बाउंटी' जहाजावर १७८९ साली बंड झालं होतं. रताळ्याची गोष्ट आणखी गमतीची. हे कंद मूळ दक्षिण अमेरिकेचे. आपल्या एकादशीच्या ताटात ते कोलंबसानंतर आले, पण पॉलिनेशियन लोकांकडे कोलंबसाच्या आधीच होते. कसे, यावर विद्वानांच्या लढाया चालू आहेत.

दोहा ते मुंबई जेमतेम सव्वादोन हजार किलोमीटर आणि विमानात जेवण. तरी दर सुट्टीनंतर आपल्या बॅगांत काय असतं ते वजनकाट्यावरच्या माणसाला विचारा. भाजणी, मेतकूट, आमसुलं, गोडा मसाला, कुणाच्या ओल्या फडक्यात गुंडाळलेलं कढीलिंबाचं रोप, कुणाचे अळूचे कंद. (खसखस मात्र आणू नका. अनारशांचं नुकसान परवडलं, कस्टमचं नको.) २०१७ च्या जूनमध्ये शेजारच्या देशांनी सीमा बंद केल्या आणि दुकानातली दुधाची फळी एका दिवसात रिकामी झाली, तेव्हा बाहेरून येणाऱ्या अन्नावर आपण किती अवलंबून आहोत ते सगळ्यांनाच कळलं. हवाईचीही आज तीच गत आहे, बहुतेक सगळं अन्न जहाजाने येतं. ज्यांच्या पूर्वजांनी शेती होडीत घालून आणली, त्यांची!

आता प्रत्यक्ष स्वयंपाकाकडे वळू. लुआऊचा मुख्य पदार्थ 'कालुआ', म्हणजे शब्दशः 'खड्ड्यातलं'. जमिनीत खड्डा खणतात, त्याला 'इमू' म्हणतात. त्यात लाकडं रचून वर ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड ठेवतात. दगड निवडावे लागतात, भलताच घेतला तर तापल्यावर फुटून अंगावर येतो. लाकूड बहुधा 'कियावे'चं. हे झाड आपल्या शमीच्या आणि इथल्या वाळवंटातल्या गाफच्या कुळातलं. दगड लालबुंद झाले की ते सपाट पसरतात, वर ठेचलेले केळीचे खांब टाकतात, त्यांच्या पाण्याची वाफ होते. मग 'टी' नावाच्या झुडपाची पानं, त्यावर अख्खं डुक्कर (पोटात तापलेले दगड भरून), रताळी, नीरफणस, मासे. परत पानं, ओली गोणपाटं आणि वर माती. कुठून वाफ निसटते का, एवढंच बघायचं. सहा-आठ तासांनी उकरलं की मांस हाताने सुटतं. चवीला मीठ, बस्स. मसाला नाही, मिरची नाही.

अलिबाग-रोहा-पेणकडची मंडळी इतका वेळ गप्प कशी बसली असतील? कारण ही तर आमची पोपटीच, असं त्यांना म्हणायचं असणार. बरोबर आहे, आणि थोडं चूकही आहे. पोपटीत खड्डा नसतो, मडकं असतं. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्यातली कोंबडी, मधून मधून ओवा आणि जाडं मीठ. तोंडाशी पाला गच्च कोंबून मडकं पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. अर्ध्या-पाऊण तासाने तापल्या मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्रर्र झालं की झाली. म्हणजे पोपटीत विस्तव बाहेर आणि चालू असतो, इमूत विस्तवाचं काम अन्न आत जाण्याआधीच संपलेलं असतं, शिजवतात ते दगड. पण पाल्याचा वास अन्नात उतरणं, आणि उकरेपर्यंत आत काय झालंय हे कुणालाच न कळणं, ही गंमत दोन्हीकडे सारखी. तिसरा भाऊबंद इथेच दोह्यात आहे. अरबी हॉटेलांच्या फलकावर 'मदफून' वाचलं असेल. त्याचा अर्थ 'पुरलेलं'. तेही मांस खड्ड्यातल्या भट्टीतच तासन्‌तास शिजतं.

शाकाहारी वाचकांनी पान उलटू नये, त्यांच्यासाठीही लुआऊत पुष्कळ आहे. नारळाच्या दुधाच्या वड्या, 'हाउपिया'. किसलेल्या अळकुड्या, नारळाचं दूध आणि साखर एकत्र करून मंद वाफवलेलं 'कुलोलो', हे थेट आपल्या काकडीच्या धोंडसाच्या नात्यातलं. आणि खुद्द लुआऊची भाजी, अळूची पानं नारळाच्या दुधात. हवाईत तिच्यात बहुधा माकूळ किंवा कोंबडी पडते, पण नुसतीही होते. याच पानात मांस किंवा मासा बांधून वर टीची पानं गुंडाळून उकडलं की झालं 'लाउलाउ'. सामोआत नारळाचं घट्ट दूध अळूच्या पानात बांधून भाजतात, त्याला 'पालुसामी' म्हणतात. तुमच्या फिलिपिनो शेजारणीला 'लाइंग' विचारून बघा. तेही अळू आणि नारळाचं दूधच, वर भरपूर मिरची.

एक खबरदारी. अळूची खाज त्यातल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे असते. आपण चिंच, आमसूल, आंबट चुका घालून तिचा बंदोबस्त करतो, ते लोक तासभर शिजवून, पहिलं पाणी फेकून करतात. नारळाच्या दुधातली भाजी करायची असेल तर त्यांचीच रीत पाळा, घाई कराल तर पाहुणे रात्रभर घसा खाजवत बसतील. चिरताना हाताला खोबरेल लावा. आणि मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी दोन्ही प्रकारांना लांबूनच नमस्कार करावा.

इथवर सगळं खाण्यापिण्याचं झालं. पण लुआऊची जी गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती पदार्थांची नाही, पंगतीची आहे.

जुन्या हवाईत 'आइ कापू' नावाचा कडक निर्बंध होता. पुरुष आणि बायका एकत्र जेवू शकत नसत. त्यांची जेवायची घरं वेगळी, इमू वेगळे. बायकांना डुकराचं मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी आणि काही मासे वर्ज्य. मोडलं तर देहान्त शिक्षाही होई. (गंमत अशी की दोन्ही इमूंवरचा स्वयंपाक पुरुष करत. पोई कुटणंही पुरुषांचंच. हा भाग मोठ्याने वाचावा.) १८१९ च्या मे महिन्यात पहिला कामेहामेहा राजा वारला. त्याच्या मागे राहिलेल्या दोन राण्या, काआहुमानू आणि केओपुओलानी, यांनी हे जोखड फेकायचं ठरवलं. केओपुओलानीने आधी आपल्या धाकट्या मुलाला, पाच वर्षांच्या काउइकेआउलीला, जवळ बसवून त्याच्याबरोबर जेवण केलं. मग नोव्हेंबरात कैलुआ इथल्या मेजवानीत तरुण राजा लिहोलिहो सगळ्यांदेखत उठला, बायकांच्या पानाशी जाऊन बसला आणि जेवू लागला. आकाश कोसळलं नाही. पुढे काही दिवसांतच जुनी देवळं आणि मूर्ती मोडल्या गेल्या, त्यावरून लढाईही झाली. एका पंगतीने राज्याचा धर्म पालटला, असं म्हटलं तरी चालेल.

तो आईबरोबर जेवलेला पाच वर्षांचा मुलगा पुढे तिसरा कामेहामेहा झाला. १८४३ साली एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने बळकावलेलं त्याचं राज्य पाच महिन्यांनी परत मिळालं, त्या दिवसाच्या स्मरणार्थ त्याने १८४७ साली जी मेजवानी दिली तिचा हिशेब नोंदलेला आहे: २७१ डुकरं, ६०२ कोंबड्या, पोईची ४८२ मोठी भांडी, २,२४५ नारळ, अळूचे ४,००० कंद, आणि पिंपं भरभरून अळूची पानं. आपल्याकडचा आचारी हा आकडा ऐकून आधी ॲडव्हान्स मागेल.

यानंतर लुआऊच्या पानात परकेही येऊन बसले. खारवलेला सामन मासा जहाजांतून आला, त्यात कांदा-टोमॅटो चोळून 'लोमी सामन' झाला आणि तो आता पारंपरिक समजला जातो. उसाच्या मळ्यांवर १८५२ पासून चिनी, मग जपानी, १८७८ पासून पोर्तुगीज, १९०६ पासून फिलिपिनो मजूर आले. चिन्यांच्या शेवया कोंबडीच्या रश्शात पडून 'चिकन लाँग राइस' झाल्या आणि लुआऊत कायमच्या राहिल्या. आज पर्यटकांसाठी तिकीट लावून जे लुआऊ होतात त्यांत नाच जास्त आणि अळू कमी, अशी तक्रार आहे. पण नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला अजून घरोघरी खरं लुआऊ होतं. शेजारीपाजारी आदल्या रात्री इमू खणायला येतात आणि जाताना जेवणाचे डबे घेऊन जातात.

आता आपल्याकडे बघू. इथल्या स्नेहभोजनांत गेली काही वर्षं पनीर बटर मसाला, हाका नूडल्स आणि गुलाबजाम स्थिरावले आहेत. केटररला ते सोपं पडतं, मुलं खातात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. चिन्यांच्या शेवया जर लुआऊत चालतात तर आपल्या पंगतीतही चालोत. पण अळू गेलं. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींपुढे पान ठेवून पाहा, ते त्याला 'मनी प्लांट' म्हणतील. 'अळवावरचं पाणी' म्हणजे काय ते इथे आपल्याइतकं कुणाला कळणार? व्हिसाच्या तारखांवर जगणारी माणसं आपण. पण ज्या मुलाने ते पान पाहिलेलंच नाही त्याला ही म्हण सांगायची कशी?

आणि पंगतीचं काय? जेव्हा घरचा स्वयंपाक करून आपण जेवतो तेव्हा पहिली पंगत मुलांची, दुसरी पुरुषांची, आणि ज्यांनी पहाटेपासून पुऱ्या लाटल्या त्या शेवटी, थंड भातावर. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, 'तुम्ही बसा हो, आम्ही मागाहून बसू' असं त्याच म्हणतात. पण आजीनेही हेच म्हटलं होतं आणि आईनेही. हवाईच्या राणीने १८१९ साली जे केलं ते आपल्याला इतक्या वर्षांनी जमायला हरकत नसावी.

म्हणून संपादक मंडळाची सूचना अशी. हिवाळ्याच्या सहलीला या वेळी केटरर नको. अळूचं फदफदं, मसालेभात, मठ्ठा आणि भाजलेली रताळी, एवढाच बेत. केळीची पानं मल्याळी दुकानांत मिळतात, अळूच्या जुड्या आगाऊ सांगितल्या तर भाजीवाला आणून देतो. ज्यांच्या बाल्कनीत अळू आहे त्यांनी देठासकट पानं आणावी. मुलांनी ती निवडावी, म्हणजे ओळख होईल. पोपटीचं मडकं रायगडकरांच्या जबाबदारीवर. वालाच्या शेंगा न मिळाल्यास बटाटे-अंडी-कोंबडीवर भागवू, आणि जाळ कुठे, कसा करायला परवानगी आहे ते समितीने आधी चौकशी करून ठरवावं. स्वयंपाक आणि वाढप पुरुषांनी करावं. पंगत एकच, सगळ्यांची, आणि शेवटी वाढणाऱ्यांना वाढायला मोठी मुलं.

अळूच्या किती जुड्या सांगायच्या याचा अंदाज यावा म्हणून घरात माणसं किती आणि त्यांतली अळू न खाणारी किती, ते समितीला लवकर कळवा. न खाणाऱ्यांच्या वाटचं कोण खाणार, याची काळजी करू नये. त्याची सोय झालेली आहे.